कवी-प्राध्यापकाच्या बढतीत त्याची कविता धरायची की नाही?

केगाव रोड (धागा सुरू करणारे):

मराठीच्या विभागात एखादा कवी असला की संस्था खूश असते. पाहुण्यांचा परिचय, वार्षिक अंकाचं संपादन, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचं काव्यवाचन, सगळं त्याच्याच गळ्यात. आणि त्याच माणसाची बढतीची फाइल समितीपुढे गेली की त्याचे कवितासंग्रह बाजूला काढून ठेवतात. माझं म्हणणं सरळ आहे. जो कवी आणि ललितलेखक म्हणून ओळखला जातो आणि पोटासाठी साहित्यच शिकवतो, त्याचं लेखन त्याच्या कामात धरलंच पाहिजे.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या बाबतीत हे घडलं, म्हणून लिहितोय. संस्थेचं नाव घेत नाही. दोन कवितासंग्रह आणि ललितलेखांचं एक पुस्तक. मुखपृष्ठाची, आयएसबीएनच्या पानाची, अनुक्रमणिकेची झेरॉक्स, प्रत्येक पानावर 'सत्यप्रत'चा शिक्का, कडेला रंगीत चिठ्ठ्या. समितीतल्या एकांनी पानं उलटली आणि विचारलं, "यात संशोधन कुठंय?" तिन्ही पुस्तकं शून्यावर गेली. त्याच फाइलमध्ये सरांचा एक शोधनिबंध होता. तो त्यांनी स्वतः कधी कुणाला आवर्जून वाचायला दिला नव्हता. त्याला पूर्ण गुण.

नियम काय म्हणतो ते सांगतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018च्या नियमावलीत भाषा आणि मानव्यविद्यांसाठी शोधनिबंधाला 10 गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला 10, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला 12 आणि अनुवादित पुस्तकाला 8 आहेत. कवितेचा वेगळा रकाना नाही. 'पुस्तक' म्हणजे कोणतं, हे छाननी करणाऱ्यांच्या मनावर. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या प्राध्यापकाने कन्नड कवीचा संग्रह मराठीत आणला तर त्याला रकाना आहे, आणि स्वतःचा संग्रह लिहिला तर त्याने हात जोडून उभं राहायचं.

सोलापुरात तरी हे समजावून सांगावं लागू नये. लेखक निर्मलकुमार फडकुले सर इथेच शिकवत होते, आज त्यांच्या नावाच्या सभागृहात आपण कार्यक्रम करतो. त्र्यं. वि. सरदेशमुख शिकवता शिकवता कविता, समीक्षा, कादंबरी लिहीत राहिले आणि 2003चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना कादंबरीसाठी मिळाला. नागपुरात ग्रेस मराठी शिकवायचे. कवी म्हणून सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण 2011चा अकादमी पुरस्कार त्यांच्या ललितलेखनाला मिळाला. आजच्या तक्त्यात या माणसांना कुठे बसवणार?

जुळे सोलापूर:

सर, तुमची कळकळ पटते, मागणी अजिबात पटत नाही.

2010ला एपीआय, म्हणजे प्राध्यापकाचं काम गुणांत मोजायची पद्धत, आलं तेव्हा शोधनिबंधांचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलंय. पैसे भरा आणि महिन्याभरात निबंध छापून घ्या, अशी नियतकालिकं गल्लोगल्ली निघाली. त्यांना आवर घालायला यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी केली आणि फेब्रुवारी 2025मध्ये ती यादीही मोडीत काढली. आता कवितासंग्रहाला 10 गुण लावा. पुढच्या वर्षी प्रत्येक विभागातून संग्रह निघतील, भौतिकशास्त्राच्या विभागातूनसुद्धा. पदरचे पैसे घालून पुस्तक काढणं आपल्याकडे आधीच सोपं आहे. ज्या चार जणांची कविता खरी आहे ती त्या ढिगाखाली जाईल.

दुसरं, मोजणार कोण? मर्ढेकरांचा संग्रह 1947ला आला आणि त्याच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. तेव्हाच्या एखाद्या समितीने त्याला किती गुण दिले असते? जी कविता काळाच्या पुढची असते तिला समिती शून्यच देणार, आणि जी समितीला लगेच आवडते तिचं मला भय वाटतं. एकदा गुण लागू झाले की कवी लिहिताना समितीकडे बघायला लागेल, मग तो कितीही प्रामाणिक असो.

मर्ढेकर आकाशवाणीत होते. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात होते. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. यांच्यापैकी कुणाच्या बढतीत कविता मोजली गेली? पगार कामाचा घ्यावा आणि कविता मोकळी ठेवावी. प्राध्यापकालाही हाच न्याय.

केगाव रोड:

कोलटकरांचं उदाहरण इथे लागू पडत नाही. जाहिरातीत त्यांचं काम चित्र आणि मांडणीचं होतं आणि त्या कामाची तिथे कदर होत होती. आमच्या सरांचं काम साहित्याचं आहे आणि कदर होत नाही ती साहित्याचीच.

मोजणार कोण, हा प्रश्न मात्र रास्त आहे. पीएच.डी.चा प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातोच ना? संग्रहही तसाच जावा. दुसऱ्या विद्यापीठातले दोन जाणकार, लेखी अहवाल, कारणांसह. आयएसबीएन आहे म्हणून गुण आणि नाही म्हणून शून्य, हा प्रकार बंद व्हावा. पदरचे पैसे घालून काढलेला कच्चा संग्रह दोन जाणत्या वाचकांपुढे टिकत नाही, याची मला खात्री आहे.

तासिकावाला:

दोघांचं वाचलं. राग येतो म्हणून लिहितो.

बढती कुणाची? आमची नेमणूकच नाही. सेट ही पात्रता परीक्षा पास आहे, पीएच.डी. आहे, एक संग्रह आहे, आणि तासिका तत्त्वावर दोन गावांत शिकवतो. सकाळच्या एसटीने एका कॉलेजात तीन तास, दुपारी दुसऱ्या तालुक्यात दोन. तासाचे पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी. मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. दिवाळीतही तेच. निबंध लिहायचा तर माणसाला सलग चार दिवस एका जागी बसावं लागतं, संदर्भ काढावे लागतात, लिहिलेलं खोडावं लागतं. आमच्या वाट्याला ते चार दिवस येत नाहीत, म्हणून माझ्या पिढीत कवी दिसतील आणि ललितलेखक फार कमी दिसतील. कविता कशीबशी होते, निबंधाला बैठक लागते.

2022ला 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची योजना आली. साहित्य हे क्षेत्रही त्यात आहे, नेट-पीएच.डी.ची अट नाही, 15 वर्षांचा अनुभव पुरतो. पण ही पदं मंजूर पदांच्या बाहेरची, आणि मुदत तीन वर्षं, फार तर चार. म्हणजे कवीला पाहुणा म्हणून बोलवायची सोय झाली, घरात घ्यायची नाही.

तुमच्या सरांवर अन्याय झाला हे मान्य. पण त्यांना पगार तरी दर महिन्याला मिळतो. आधी रिक्त जागा भरा म्हणा, मग गुणांचं बघू.

माळढोक:

मी वेगळीच बाजू मांडतो. ललितलेखकाने विद्यापीठात जावंच कशाला?

मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचे. नोकरी वनखात्यात, आयुष्य नवेगावबांध-नागझिऱ्याच्या रानात. 2006ला सोलापुरातच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष तेच होते. झाडांची, पाखरांची, आदिवासींच्या बोलीतली जी नावं त्यांनी मराठीला दिली ती कुठल्या विभागात बसून मिळाली असती? महानोर पळसखेडला शेती करत होते. नारायण सुर्वे गिरणीत होते, पालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झाले, आणि मराठी कवितेने त्यांच्याकडून शिकून घेतलं. प्राध्यापकाचे ललितलेख मी वाचतो तेव्हा त्यांत चर्चासत्रं, परीक्षक म्हणून केलेला प्रवास आणि कॉलेजच्या आवारातला गुलमोहर, एवढंच सापडतं. त्याची कविता मोजा की मोजू नका, त्याचं जगच अरुंद झालेलं असतं.

पूर्व भाग:

माळढोक सर, हे एकदम चूक आहे बघा. विंदांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, म्हणून तर ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आलं. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे मुक्त विद्यापीठात होते, त्यांच्या लेखनाची धार त्याने कमी झाली का? 2020चा सरस्वती सन्मान मिळाला त्यांना. माणसाचं जग नोकरीने ठरत नाही.

मी विद्यार्थिनी म्हणून सांगते. आमच्या घरी तेलुगू. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळायची. बी.ए.ला मराठी घेतलं ते सोपं जाईल म्हणून. आम्हाला कविता शिकवणारे सर स्वतः कवी होते. इतर ठिकाणी कविता म्हणजे 'आशय, अभिव्यक्ती, प्रतिमा' असे तीन मथळे आणि खाली नोट्स. हे सर एक दिवस स्वतःच्या अर्धवट कवितेच्या चार ओळी फळ्यावर लिहून उभे राहिले. तिसऱ्या ओळीत 'काळीभोर रात्र' असं होतं. म्हणाले, यातला कुठला शब्द काम करत नाही, सांगा. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, सर, रात्र काळीच असते की. सरांनी डस्टरने 'काळीभोर' पुसलं, ओळ परत वाचली. ओळ लंगडायला लागली, सगळ्यांना ऐकू आलं. अख्खा तास आम्ही त्या रिकाम्या जागेत शब्द घालून बघत होतो. माझ्या आजीच्या तेलुगू गाण्याचा ठेका त्यांनी मला बाकावर वाजवून दाखवायला लावला आणि म्हणाले, ह्या मापाचा शब्द पाहिजे. कविता बनवलेली असते हे मला त्या दिवशी कळलं.

हे संशोधनातही येत नाही आणि पुस्तकातही येत नाही. माझ्या मते केगाव रोड सर बरोबर आहेत, पण कारण चुकीचं देतायत. संग्रह धरा, कारण संग्रह लिहिणारा माणूस वर्गात असं काहीतरी करू शकतो जे दुसऱ्याला जमत नाही.

जुळे सोलापूर:

पूर्व भाग, तुमचा तो वर्ग मला स्वतःला हवा होता. पण तुम्ही सांगितलंत ते शिकवण्याचं मोल आहे, संग्रहाचं नाही. उत्तम कवी आणि वर्गात तोंड न उघडणारा, असाही माणूस मी जवळून पाहिलाय. त्याचा संग्रह धरून विद्यार्थ्यांना काय मिळणार? आणि एकही ओळ न छापलेले, पण ज्ञानेश्वरीची एक ओवी तासभर उलगडणारे शिक्षकही आपल्या गावात होऊन गेले. तुमच्या नियमात ते मागे पडतील.

पूर्व भाग:

मागे का पडतील? त्यांचं काही काढून घ्या असं कुणीच म्हणत नाही.

केगाव रोड:

आम्ही काही जण विद्यापीठाला आणि यूजीसीला निवेदन द्यायचं म्हणतोय. मागणी एकच, भाषा विभागांतल्या सर्जनशील लेखनाचं बाहेरच्या दोन तज्ज्ञांकडून मूल्यमापन व्हावं आणि ते पुस्तकाच्या रकान्यात धरावं.

तासिकावाला:

त्यात एक ओळ वाढवा. नेमणुकीच्या मुलाखतीतही हेच मूल्यमापन लागू करा, नुसतं बढतीत नको. आणि रिक्त जागांचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात घ्या, शेवटी 'तसेच' म्हणून नको. एवढं केलंत तर माझी सही, आणि आमच्या दहा-बारा जणांच्या आणून देतो.

केगाव रोड:

दोन्ही घेतो. रविवारपर्यंत मसुदा इथेच टाकतो. जुळे सोलापूर, तुमची हरकत तुमच्याच शब्दांत सोबत जोडू का?

जुळे सोलापूर:

जोडा. सही मात्र करणार नाही.