मुंबईतलं फ्रीमेसन लोकांचं रायझिंग स्टार लॉज नेमकं सुरू कसं झालं?

जुनीपेटी:
माळा आवरताना पणजोबांच्या ट्रंकेत पांढऱ्या चामड्याचा छोटा एप्रन सापडला, घडीवर चामडं तडकलंय, किनारीच्या रेशमाचा रंग पार उडालाय, आणि सोबत एक चिठ्ठी, त्यावर फक्त रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया एवढंच. आजी म्हणायची ते काळा कोट घालून फोर्टात जायचे, कुठे ते कधी सांगितलं नाही. फ्रीमेसन नावाच्या त्या जुन्या बंधुसंघटनेचं लॉज, म्हणजे स्थानिक शाखा, आहे इतकं आता कळलं, पण इंग्रजांच्या राज्यात आपली माणसं त्यात घेतली कशी? कुणाला सुरुवातीचं माहीत असेल तर प्लीज सांगा.

फोर्टकर:
हे लॉज निघालं तेच आपल्या माणसांना घेता यावं म्हणून. माणकजी करसेटजी नावाचे पारशी गृहस्थ होते, त्यांना मुंबईच्या लॉज पर्सिव्हरन्समध्ये घेतलं नाही. मग त्यांनी थेट पॅरिसला जाऊन तिथल्या लॉजमध्ये दीक्षा घेतली, म्हणजे रीतसर मेसन होऊन परत आले, तरी पर्सिव्हरन्सचं दार बंदच. मला हा माणूस फार आवडतो, एवढं होऊन गप्प बसला नाही. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स पुढे आले, काबूलला मारले गेले त्या अलेक्झांडर बर्न्सचे हे भाऊ, ते स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजतर्फे, म्हणजे तिथल्या मेसनांच्या मध्यवर्ती संस्थेतर्फे, पश्चिम भारतातल्या मेसनांचे प्रमुख होते म्हणून त्यांना नवीन लॉज काढता आलं. डिसेंबर १८४३ मध्ये रायझिंग स्टारची पहिली बैठक झाली, मास्टर म्हणजे लॉजचे प्रमुख स्वतः बर्न्स.
भायखळ्याचा खडा पारशी पुतळा पाहिलाय ना, तो याच माणकजींनी वडिलांच्या आठवणीसाठी उभारलेला.

सनावळी:
फोर्टकर बरोबर सांगतायत, फक्त माणकजी पहिले भारतीय मेसन असा समज नको. अर्काटच्या नवाबाचे चिरंजीव उमदत-उल-उमरा १७७० च्या दशकातच त्रिचनापल्लीला मेसन झाले होते. पण नवाबाच्या मुलाला मानाने बोलावणं वेगळं आणि शहरातल्या लोकांसाठी लॉज उघडणं वेगळं, म्हणून १८४३ ला महत्त्व. पुढे खुर्शेदजी रुस्तमजी कामांसारखे विद्वानही मेसन झाले. आणि आपली स्वतंत्र ग्रँड लॉज ऑफ इंडिया तर १९६१ ची.

जुनीपेटी:
खूप खूप आभार, अंगावर काटा आला वाचून. एकच शंका, पणजोबा पक्के माळकरी होते हो, त्यांनी शपथ बायबलवर घेतली असेल का?

फोर्टकर:
नाही हो, ज्याचा जो धर्मग्रंथ त्यावर शपथ, म्हणून भारतातल्या लॉजमध्ये एकाच टेबलावर गीता, कुराण, पारशांचा अवेस्ता, बायबल शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एक सांगतो, तो एप्रन परत घडी घालून ठेवू नका, जुनं चामडं घडीवरच तुटतं. स्वच्छ मलमलीत गुंडाळून सपाट ठेवा, प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको. आणि चिठ्ठी उजेडात धरून बघा, कडेला पुसट तारीख असेल तर इथे टाका.