उन्हाळ कांद्याची साठवणूक: चाळ, शीतगृह की विकिरण?

प्रश्न (उत्पादक, निफाड तालुका)

आमच्याकडे एप्रिलमध्ये निघालेला उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवण्याच्या हवेशीर कोठारात) भरतात आणि भावाचा अंदाज घेत ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने बाजारात नेतात. पावसाळी हवेने सड सुरू होते, पुढे कोंब येतात आणि वजनातील घट धरली तर जवळजवळ तिसरा हिस्सा हाती लागत नाही. त्या मालासोबत विहिरीचे पाणी, खत आणि मजुरीही उकिरड्यावर जाते. आमच्या गटात शीतगृहाची चर्चा चालू आहे. विजेचा खर्च पाहता तो मार्ग परवडेल का, की लासलगावच्या विकिरण केंद्रात (जेथे किरणांनी कोंब रोखतात) माल न्यावा?

उत्तर 1 (कृषी पदवीधर)

चाळीतील सडीचे मूळ बहुधा शेतात असते, म्हणून इमारतीआधी पिकाकडे पाहावे. लागवडीला दोन महिने उलटल्यावरही युरिया दिला, तर कांद्याच्या माना जाड राहतात, त्या नीट मिटत नाहीत आणि तेथूनच बुरशी व जिवाणू आत शिरतात. काढणीपूर्वी दोन आठवडे पाणी तोडावे. उपटलेला कांदा तीन-चार दिवस शेतातच पातीसह असा पसरावा, की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि माल दहा-बारा दिवस सावलीत सुकवावा. व्यापारी दारात उभा असताना आणि मजूर मिळत नसताना हे सावलीतले दिवसच सर्वांत आधी गाळले जातात. जोडकांदा आणि डेंगळे (फुलांचे दांडे) आलेला माल चाळीत भरूच नये. ढीग चार-पाच फुटांहून उंच नसावा आणि तळाखालून हवा खेळती हवी. टिकवणीसाठी एन-2-4-1 किंवा भीमा शक्ती हे वाण घ्यावेत.

उत्तर 2 (शीतगृह व्यवसायातील अनुभव)

शीतगृहात कांदा शून्य ते दोन अंशांवर चांगला टिकतो. परंतु आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर राखावी लागते, त्यामुळे बटाट्याचे जास्त आर्द्रतेचे शीतगृह जसेच्या तसे चालत नाही. शिवाय बाहेर काढल्यावर कांद्याला पाणी सुटते आणि लवकर कोंब फुटतात, म्हणून तो हळूहळू बाहेरच्या तापमानाला आणावा लागतो. लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी कोंब रोखले जातात, तेही काढणीनंतर लवकर, कांदा सुप्तावस्थेत असताना माल आणला तर. सड मात्र त्याने थांबत नाही. तुमचे मुख्य नुकसान सडीचे असेल, तर विकिरणावरचा खर्च वाया जाईल.

उत्तर 3 (आडतदार)

वरील तांत्रिक सल्ला मान्य असला, तरी कांदा टिकवून भाव मिळेलच, हे गृहीत धरू नये. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क आले, डिसेंबरमध्ये थेट बंदी आली आणि ती मे 2024 मध्ये उठली. शुल्क पूर्णपणे जाण्यास एप्रिल 2025 उजाडले. पावसाळा पार केलेला माल असा एका अधिसूचनेने स्वस्त होतो. ज्या गटाच्या डोक्यावर शीतगृहाचे कर्ज आहे, त्याला अशा वेळी थांबताही येत नाही आणि विकताही येत नाही.

प्रश्नकर्ता

तर या वर्षी चाळच सुधारून पाहू. आमची चाळ एकपाखी, म्हणजे साठ्याची एकच रांग असलेली आहे. नवी बांधताना दिशा कोणती ठेवावी?

उत्तर 1 (कृषी पदवीधर)

एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी (दोन रांगांची) पूर्व-पश्चिम बांधावी. पावसाची झड ज्या बाजूने येते, तेथे पडदा लावावा, मात्र उघडीप मिळताच तो वर गुंडाळावा.