‘बंचग्रास’ला काय म्हणावं? ठोंब, बरड, पडीत आणि कुसळ

प्रश्न

कृषी पदविकेच्या मुलांसाठी एक पाठ मराठीत उतरवतो आहे. विषय अमेरिकेच्या वायव्येकडचं पलूस नावाचं कोरडं गवताळ रान. तिथली मूळची गवतं ‘बंचग्रास’ प्रकारची, म्हणजे एका बुडातून झुपक्यानं वाढणारी. मी आधी ‘गुच्छतृण’ लिहिलं. घरी वाचून दाखवलं तर आई म्हणाली, हे कोणत्या दुखण्यावर देतात? त्यामुळे तो शब्द गेला. ‘प्लांट कम्युनिटी’ला ‘वनस्पती समुदाय’ आहे, पण तो सभेला जमल्यासारखा वाटतो. आणि अशा रानाला आपल्या वऱ्हाडात म्हणतात तरी काय? ‘माळरान’ मला घाटावरचा वाटतो.

उत्तर, कारंजा भागातून

भाऊ, ठोंब म्हणा. ‘ठोंबाचं गवत’. कास्तकार गवताचे दोनच भाग करतो, पसरणारं आणि ठोंबाचं. हरळी भुईवरून धावते, कुंदा भुईखालून. काळ्या वावरात कुंदा शिरला की काय होतं ते ज्याचं वावर गेलं त्याला विचारा. ठोंबाचं गवत आपली जागा सोडत नाही, बुडातून फुटवे काढत तिथंच जाड होतं. (एका जागी बसून राहणाऱ्या पोराला ‘ठोंब्या’ का म्हणतात, ते आलं ना ध्यानात? ही व्युत्पत्ती नाही, माझी गंमत आहे.)

या शब्दाचा खरा फायदा असा की ‘ठोंब’ म्हटलं की दोन ठोंबांमधली मोकळी भुईही डोळ्यापुढं येते, ‘गवताळ’मध्ये ती बुजते. पलूसमध्ये त्या भुईवर शेवाळ आणि दगडफुलाचा पातळ पापुद्रा असतो, तो माती धरून ठेवतो. आपल्या बरडावर पावसाळ्यात तिथंच विष्णुक्रांतेची बारीक निळी फुलं दिसतात. पाठात हे आलंच पाहिजे, नाहीतर पोरं बंचग्रास म्हणजे लॉन समजतील.

‘समुदाय’ हवाच कशाला? ज्या गवताचा जोर, त्याचं रान: कुसळीचं रान, तिखाडीचं रान. शास्त्रज्ञांनीही शेवटी हेच केलं. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारताच्या गवताळ आवरणाचे पाच प्रकार केले, त्यांची नावं बहुतेक गवतांवरूनच आहेत. आपला प्रकार ‘सेहिमा–डायकँथियम’. सेहिमात शेडा आणि पवन्या आले, डायकँथियम म्हणजे मारवेल. ‘शेडा-मारवेलचं रान’ लिहा, आमचा गुराखीही समजेल.

उत्तर, निवृत्त तलाठी

जमिनीच्या नावांबद्दल थोडं सांगतो, यात माझी हयात गेली. ‘बरड’ हा मातीचा शब्द: मुरमाड, उथळ, पाणी न धरणारी. ‘माळ’ उंचसखलपणाचा. ‘कुरण’ राखणीचा, कारण राखल्याशिवाय कुरण होत नाही. ‘ई-क्लास’ (सरकारी चराईची जमीन) तर निव्वळ कागदाचा, तरी आमच्याकडे म्हाताऱ्या बायाही ‘ढोरं ई-क्लासात गेली’ असंच म्हणतात. ‘झुडपी जंगल’ हाही जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरातून आलेला. ही जमीन वन की महसूल, हा वाद इतका चालला की सर्वोच्च न्यायालयाला २२ मे २०२५ रोजी ती वनजमीन असल्याचं सांगावं लागलं. म्हणजे आता शब्दात जंगल आहे, कायद्यात जंगल आहे, आणि जागेवर कित्येक ठिकाणी गवत आहे.

यात सगळ्यात वाईट शब्द ‘पडीत’. पीक नाही एवढाच त्याचा अर्थ, पण ऐकणाऱ्याला वाटतं की काहीच नाही. मी स्वतः कित्येक रकान्यांत तो लिहिला. पाठात तो कृपया येऊ देऊ नका.

उत्तर, अकोल्याहून

तलाठी काकाजींना नमस्कार. ‘तण’ची दशाही तीच. मूळ ‘तृण’, म्हणजे साधं गवत. आता निंदताना उपटून फेकतो ते. जुना अर्थ ‘तणमोर’ या पक्ष्याच्या नावात तेवढा टिकला, तो मोर निंदणातला नाही, गवतातला आहे. उलट ‘गाजर गवत’ बघा: नावात गवत, कूळ मात्र सूर्यफुलाचं!

‘कुसळीचं रान’बद्दल एक सावधगिरी. ते नुसतं नाव नाही, निदान आहे. ढोरं शेडा-पवन्या आवडीनं खातात, म्हणून जास्त चराईत त्यांचं बी धरण्याआधीच ते संपतं. कुसळी कोवळी असेतोवर चालते, पण फुलल्यावर तिचं टोकदार बी मेंढीच्या तोंडात रुततं, म्हणून ती मागं उरते आणि वाढते. त्या बियांचं शेपूट ओल लागली की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पिळतं, आणि असं फिरत बी मातीत घुसतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हेच जातीचं, रुतणारं. चराई याहून वाढली की ठोंबच जातात, एका हंगामाची आखूड गवतं राहतात.

तिखाडीचं तसं नाही. तिच्या वासामुळेच ढोरं तिला फारसं तोंड लावत नाहीत. त्याच वासाचं रोशा तेल निघतं.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. ‘नेटिव्ह’ला ‘देशी’ ठेवतो. ‘गावरान’ लिहिणार होतो, पण गावरान कोंबडी असते, आंबा असतो, गवत कोणी म्हणताना ऐकलं नाही. ‘देशी’वर वर्गात हसतील, हसू देत.

पहिलं वाक्य आता असं झालं: ‘पलूस हे देशी ठोंबगवतांचं कोरडं रान आहे, दोन ठोंबांमधली भुई उघडी दिसते, पण ती रिकामी नसते.’ आईला वाचून दाखवलं. तिला कळलं. फक्त म्हणाली, आमच्या माहेरी ‘थोंब’ म्हणत, थ थव्याचा. आता पाठात कोणता ठेवू?