कुराण ही तोराहचीच अरबी आवृत्ती मानावी काय?

धागाकर्ता (जळगाव) : परवा सावद्याला केळीची गाडी भरली जात असताना आमच्या मुकादमचाचांनी सहज सांगितले, की कुराणात सर्वाधिक नाव येते ते मुसा नबींचे, म्हणजे यहुद्यांच्या मोशेचे. ते खरेच आहे. 114 सूरांच्या (अध्यायांच्या) या ग्रंथात मुसांचे नाव शंभराहून अधिक वेळा येते, तर मुहंमद हे नाव अवघे चार वेळा. एकच ईश्वर, मूर्तिपूजेस नकार, डुकराचे मांस वर्ज्य, उपवास, दानधर्म हे सारे यहुदी परंपरेत आधीपासून होते. म्हणून मूळ शिकवणीपुरते तरी कुराण ही तोराह या यहुदी धर्मग्रंथाची अरबी आवृत्तीच आहे, असे माझे मत आहे.

तापीकाठ (भुसावळ) : 'आवृत्ती' हा शब्द मला मान्य नाही. कुराण नवेपणाचा दावा करीतच नाही. आधीच्या ग्रंथांची सत्यता आपण पटवतो, असे पाचव्या सूरेत ते स्वतःच सांगते, मात्र त्याच आयतीत (वचनात) स्वतःला त्यांचा राखणदारही म्हणवते. आता तुमच्याच मुकादमचाचांचा शुक्रवार पाहा. जुम्म्याच्या नमाजीला ते जातात आणि परत येऊन उरलेली भरणी पुरी करतात, कारण नमाज आटोपल्यावर पांगा आणि ईश्वराची कृपा शोधा, अशी 62व्या सूरेत मुभा आहे. उलट कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी विश्रांतीचा दिवस म्हणून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून तर त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले. सहा दिवसांत सृष्टी निर्माण झाली हे दोन्हीकडे आहे. परंतु सातव्या दिवशी ईश्वराने विश्रांती घेतली असे तोराह सांगते, तर आम्हाला थकवा शिवलाही नाही, असे कुराण 50व्या सूरेत बजावते. नक्कल करणारा मुद्दाम असा खोडा घालत नाही.

जुना वाचक (धुळे) : एका निरपराधाची हत्या म्हणजे साऱ्या मानवजातीची हत्या, हे वचन आपल्याकडे ईदच्या शुभेच्छांत नेहमी येते, पण त्याचा आरंभ गाळून. 'आम्ही इस्राईलच्या संततीला असे लिहून दिले' असा तो आरंभ आहे, आणि इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथात जवळजवळ हेच वचन सापडते. म्हणजे इथे उसनवारी लपवलेली नाही, नावानिशी सांगितलेली आहे. दुरावाही तितकाच खरा आहे. 624मध्ये नमाजीची दिशा जेरुसलेमकडून मक्केकडे वळली, ती केवळ भूगोलाची बाब नव्हती.

धागाकर्ता : 'आवृत्ती' मागे घेतो. तरीही यहुद्यांच्या शमा प्रार्थनेतला 'एहाद' आणि 112व्या सूरेतला 'अहद' हे 'एक' या अर्थाचे, एकाच धातूचे शब्द आहेत, हे कसे नाकारणार?

तापीकाठ : नाकारत नाहीच. फक्त 'एहाद' तिथे 'हे इस्राएला, ऐक' या हाकेनंतर येतो. सूरेत मात्र कोणत्याही कुळाचे नाव नाही. माझा आक्षेप तेवढ्याच फरकापुरता आहे.