फ्रान्स: 33 टक्के मतं घेऊनही ल पेनचा पक्ष जागांत तिसरा कसा?

वाचनालय_दारव्हा
राजेहो, शनिवारी वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या पोरांसमोर फ्रान्समधल्या कडव्या उजव्यांवर बोलायचं आहे. दोन ठिकाणी गाडी अडली. 30 जून 2024 ला संसदेच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत नॅशनल रॅली (ल पेनचा पक्ष) आणि साथीदारांना 33 टक्के मतं पडली, सगळ्यांत जास्त. आठ दिवसांनी दुसरी फेरी झाली तर 577 पैकी 143 जागा, तिसरा नंबर. असं काहून? पोरं पहिला प्रश्न मशीनचाच विचारणार. दुसरं, ट्रॅक्टर आडवे लावून हायवे बंद करणारे शेतकरी हेच या पक्षाचे मतदार, असं जो तो लिहून राहिला. त्यात तथ्य किती? 'वंशवादी' एवढं म्हणून विषय मोडीत काढायचा नाही, अन् ते झाकायचंही नाही.

निकालवाचक_आर्वी
मशीनचं आधी उरकू. मोजक्या गावांत जुनी मशीन आहेत, बाकी सगळं मतदान कागदावर. प्रत्येक उमेदवाराची वेगळी छापील चिठ्ठी टेबलावर ठेवलेली असते. मतदार चिठ्ठ्या आणि एक लिफाफा घेऊन पडद्यामागे जातो, एक चिठ्ठी लिफाफ्यात घालतो, पारदर्शक पेटीत टाकतो आणि यादीवर सही करतो. बोटाला शाई नाही. मतदान रविवारी असतं आणि मोजणी त्याच संध्याकाळी, त्याच खोलीत, मतदारांमधूनच आलेले लोक करतात. लिफाफ्यांचे शंभर-शंभरचे गठ्ठे लावतात. एक जण लिफाफा उघडतो, दुसरा नाव मोठ्यानं वाचतो, आणखी दोघं वेगवेगळ्या कागदावर खुणा करतात. दोन वेगळ्या चिठ्ठ्या निघाल्या किंवा चिठ्ठीवर काही लिहिलेलं असलं तर मत बाद. लिफाफा रिकामा असला तर ते 'कोरं' मत. 2014 पासून ते बाद मतांपेक्षा वेगळं दाखवतात. तेव्हा गडबड मोजणीत शोधू नका, सगळी मेख नियमात आहे.

लोकसभेसारखं 'ज्याला जास्त तो निवडून' हे तिथं दुसऱ्या फेरीत लागू होतं. पहिल्याच फेरीत जिंकायचं तर ग्राह्य मतांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, शिवाय ती नोंदलेल्या मतदारांच्या निदान पाव तरी हवीत. 2024 ला 76 जागा अशा पहिल्या फेरीत सुटल्या आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास नॅशनल रॅलीवाल्यांच्या होत्या. पक्षाच्या नेत्या मरीन ल पेन स्वतः त्यांत. उरलेल्या ठिकाणी पहिले दोघं तर दुसऱ्या फेरीत जातातच. तिसरा कधी जातो? त्याला नोंदलेल्या मतदारांच्या साडेबारा टक्के मतं असतील तर. 'नोंदलेल्या' हा शब्द पोरांकडून अधोरेखित करून घ्या, कारण बहुतेक जण इथंच घसरतात.

फळ्यावर असं मांडा. मतदारसंघात नावं 80,000. साडेबारा टक्के म्हणजे 10,000 मतं. मतदान साडेसत्तेचाळीस टक्के झालं तर पेटीत 38,000 मतं, म्हणजे तिसऱ्याला पडलेल्या मतांचे 26 टक्के लागतील. एवढी मतं घेणारा तिसऱ्या नंबरवर राहील कशाला? म्हणून 2022 ला, याच टक्केवारीच्या मतदानात, तिरंगी लढती फक्त 8 होऊ शकल्या. 2024 ला मतदान 66.7 टक्के. त्याच 80,000 मागं 53,000 च्या वर मतं, आणि 10,000 म्हणजे पावणेएकोणीस टक्के. एवढी मतं तिसऱ्याला सहज पडतात. तीनशेवर ठिकाणी तिरंगी लढतीची सोय झाली.

अशा लढतीत नॅशनल रॅलीचा फायदाच होता: 36 टक्क्यांवर आरामात जिंकता येतं, समोरचे दोघं आपसात मतं खातात. पण उमेदवारी मागे घ्यायची मुदत मंगळवारी, 2 जुलैला संध्याकाळी 6 पर्यंत होती. नॅशनल रॅली पडावी म्हणून त्या दोन दिवसांत दोनशेहून जास्त उमेदवार बसले, डाव्या आघाडीचे जास्त, अध्यक्ष मॅक्रॉनवाल्यांचे कमी. तिरंगी लढती शंभराच्या आत आल्या. कालव्हादोस जिल्ह्यातली एक जागा बघा: नॅशनल रॅली पहिली, माजी पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न दुसरी, डावा उमेदवार तिसरा. बोर्न म्हणजे जिनं 2023 मध्ये घटनेचं कलम 49.3 वापरून, मतदान न घेता, पेन्शनचं वय 62 चं 64 केलं ती बाई. तिच्यासाठी डावा उमेदवार बसला आणि ती निवडून आली. डाव्या मतदारांनी दात-ओठ खात तिची चिठ्ठी लिफाफ्यात घातली असणार.

जाता जाता: फ्रेंच गृहखात्याच्या निकालपत्रात टक्केवारीचे दोन रकाने असतात, एक नोंदलेल्या मतदारांवर, दुसरा ग्राह्य मतांवर. 2022 च्या अध्यक्षपदाला ल पेनची 1 कोटी 32 लाख 88 हजार मतं पहिल्या रकान्यात 27.3 टक्के दिसतात, दुसऱ्यात 41.45. आपल्याकडच्या बातम्यांत हे दोन्ही आकडे खिचडी होऊन येतात.

शिक्षक_पुसद
नियमाचा जोर किती ते दाखवायला 1986 आणि 1988 शेजारी-शेजारी ठेवा. 1986 ला अध्यक्ष मितेराँ यांनी मतांच्या प्रमाणात जागा ही पद्धत आणली. तेव्हाच्या नॅशनल फ्रंटला (आजची नॅशनल रॅली) साडेनऊ टक्क्यांच्या वर मतं आणि 35 जागा. दोन वर्षांनी जुनी दोन फेऱ्यांची पद्धत परत आली. मतं जवळपास तेवढीच, जागा 1. मधल्या काळात मतदार बदललाच नव्हता.

मात्र सगळं श्रेय नियमाला देऊन मोकळं होता येत नाही. दुसऱ्या फेरीत बाकीचे सगळे एकत्र येतात, ही भिंत आहे आणि ती झिजून राहिली. पहिल्या फेरीतून दुसरीत जाताना पक्षाची मतं किती वाढली, यावरून झीज मोजता येते. अध्यक्षपदाच्या निवडणुका घ्या. 2002 ला पक्षाचे तेव्हाचे नेते जाँ-मारी ल पेन 48 लाखांवरून 55 लाखांवर गेले, वाढ 7 लाख. समोरचे शिराक 82 टक्क्यांनी निवडून आले. 2017 ला त्यांची मुलगी मरीन 77 लाखांवरून 1 कोटी 6 लाखांवर, वाढ साधारण 30 लाख. 2022 ला 81 लाखांवरून 1 कोटी 33 लाखांच्या जवळ, वाढ 51 लाख. 2002 ला 'काहीही झालं तरी यांना नाही' म्हणणारा मतदार 2017 ला कोरी चिठ्ठी टाकू लागला. त्या वर्षी कोरी आणि बाद मिळून 40 लाख मतं होती.

झीज आपोआप झाली नाही, पक्षानं ती घडवून आणली. 2011 मध्ये मरीन पक्षाची अध्यक्ष झाली, 2015 मध्ये सख्ख्या बापाला पक्षातून काढलं, 2018 मध्ये पक्षाचं नाव बदललं, 2022 मध्ये अध्यक्षपद जॉर्डन बार्देला या 27 वर्षांच्या पोराला दिलं. 2017 च्या प्रचारात युरो सोडण्याची भाषा होती. बँकेत पैसा ठेवलेले पेन्शनर त्यानं घाबरले, अन् मॅक्रॉनसोबतच्या टीव्हीवरच्या वादात तिला युरोचं नीट उत्तरही देता आलं नाही. तो मुद्दा नंतर गुपचूप गाळला. त्या जागी वीज, गॅस, पेट्रोलवरचा व्हॅट 20 वरून साडेपाच टक्के करू, हे आलं.

'वंशवादी' शब्दाबद्दल: तो हवेतून आलेला नाही. 1972 मध्ये पक्ष स्थापन झाला तेव्हाचा खजिनदार पिएर बुस्के हिटलरच्या वाफेन-एसएस या सशस्त्र दलात होता. 1987 मध्ये जाँ-मारी यांनी नाझींच्या गॅस चेंबरला युद्धाच्या इतिहासातला 'तपशील' म्हटलं, त्यावरून कोर्टानं दंड केला. आजच्या कार्यक्रमातही घर, नोकरी आणि सरकारी मदत यांत फ्रेंच नागरिकाला आधी स्थान, आणि तिथं जन्मलेल्या परदेशी मुलाला जन्मावरून मिळणारं नागरिकत्व बंद, ही दोन कलमं ठाम आहेत. रंग नवा दिला, भिंती जुन्याच. दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्यावर तर 1962 ला अल्जीरिया सुटल्यावर आलेल्या आठ लाखांहून जास्त फ्रेंच लोकांची सल अजून मतांत दिसते.

संत्रा_वरुड
दारव्हेकर भाऊ, शेतकऱ्यायचं मी सांगतो. फ्रान्समंधी काम करणाऱ्या शंभर लोकायत शेतकरी दोनबी नाईत. तेवढ्याच्या भरोशावर कोणाचा पक्ष 33 टक्क्यांवर जात नाई. शेतकरी तिथं पिढ्यान्‌पिढ्या जुन्या उजव्या पक्षायले मत देत आला, शिराकच्या पार्टीले. नॅशनल रॅलीचं गावातलं मत म्हणजे गोदामातला हमाल, ट्रक चालवणारा, म्हाताऱ्यायच्या आश्रमात राबणारी बाई, बंद पडलेल्या कारखान्याचा मजूर. उत्तरेतलं एनां-बोमाँ हे कोळसा खाणीचं गाव पाहा. खाणी गेल्या, कारखाने गेले, समाजवादी नगराध्यक्ष पैशाच्या भानगडीत सापडला, अन् 2014 ले पहिल्याच फेरीत नॅशनल फ्रंटचा नगराध्यक्ष निवडून आला.

आंदोलनाचं मूळ डिझेलमंधी हाय. तिथं शेताचं डिझेल वेगळं असते, लाल रंग टाकलेलं, टॅक्स कमी. साध्या कारमंधी घातलं तर कस्टमवाले टाकीत नमुना घेऊन पकडतात. सरकारनं ही सवलत 2030 पर्यंत दरसाल लिटरमागं तीनेक सेंटनं काढून घ्यायचं ठरवलं. त्यात युक्रेनची साखर, कोंबडी, अंडी 2022 पासून बिगर ड्युटीची येऊन राहिली होती. वरून ब्राझील-अर्जेंटिनाच्या मर्कोसुर गटासंग युरोपचा व्यापार करार, म्हणजे तिकडचं स्वस्त मांस. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं तवा वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं जे झालं तसंच समजा: भाव गावात पडतो, कागद दुसरीकडं सही होतो. 2023 च्या शेवटी तार्न जिल्ह्यातल्या पोरायनं गावाच्या पाट्या उलट्या लावायले सुरुवात केली, 'सगळं उलटं चाललं' म्हणून. 26 जानेवारी 2024 ले पंतप्रधान अताल एका गोठ्यावर गेले, कागद कुटाराच्या गठ्ठ्यावर ठेवला अन् डिझेलची वाढ रद्द केली.

आता पक्षाशी नातं. मोठी शेतकरी संघटना एफएनएसईए नॅशनल रॅलीपासून अंतर ठेवते. पिवळ्या टोपीवाली दुसरी संघटना कोऑर्डिनेशन रुराल नॅशनल रॅलीच्या जवळची मानतात. जानेवारी 2025 च्या कृषी मंडळायच्या निवडणुकीत त्यायनं दहाच्या वर मंडळं घेतली. पण हे बी ध्यानात घ्या, फ्रेंच शेतकऱ्याले युरोपीय संघाकडून सालाचे 9 अब्ज युरोच्या आसपास अनुदान येते, सगळ्या देशायत जास्त. युरोपले शिव्या द्यायच्या अन् चेक बी तिथूनच घ्यायचा, म्हणून शेतकरी पूर्ण तिकडं झुकत नाई.

शिक्षक_पुसद
वरुडवाल्या भाऊंचं पटलं. एक भर घालतो. गावाकडची खरी ठिणगी 2018 ची पिवळ्या जॅकेटवाल्यांची. आधी 1 जुलैला साध्या रस्त्यांवरचा वेग 90 चा 80 केला. मग 1 जानेवारी 2019 पासून डिझेल लिटरमागं साडेसहा सेंट, पेट्रोल 2.9 सेंटनं महाग करायचं ठरवलं. पॅरिसच्या माणसाला मेट्रो आहे. गावात पोस्ट बंद, प्रसूतिगृह 40 किलोमीटरवर, रेल्वेचा थांबा उठलेला. गाडीशिवाय कामावर जाताच येत नाही. 17 नोव्हेंबरला लोक चौकाचौकांत उभे राहिले आणि डिसेंबरात वाढ रद्द करावी लागली. आंदोलनात डावे-उजवे दोन्ही होते, पण पुढच्या मतपेटीत जास्त कमाई ल पेनची झाली. 2022 च्या दुसऱ्या फेरीत पॅरिस शहरात मॅक्रॉन 85 टक्के. एन जिल्ह्यासारख्या खेड्यांच्या भागात ल पेन पुढे. आपल्याकडं कमी पटाच्या झेडपी शाळा बंद करायची चर्चा निघाली की गाव का पेटतं, हे पोरांना सांगावं लागणार नाही.

वाचनालय_दारव्हा
आर्वीवाले भाऊ, सर, वरुडकर, भरपूर झालं. शेवटचं एकच: एवढी मतं आहेत तर गावोगावी यांचे सरपंच का नाहीत? अन् 2027 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पोरांनी नजर कशावर ठेवायची?

निकालवाचक_आर्वी
सरपंच नाहीत कारण कार्यकर्ता नाही. फ्रान्समध्ये 35,000 च्या आसपास कम्युन (गाव-शहराच्या पालिका) आहेत, प्रत्येकाला महापौर, कितीतरी ठिकाणी लोकसंख्या पाचशेच्या आत. तिथं मत टीव्हीवरच्या चेहऱ्याला पडतं, पण यादीत स्वतःचं नाव द्यायला माणूस तयार होत नाही. 2020 ला एक लाखावरचं एकच शहर मिळालं, पेर्पिन्याँ. सिनेट (संसदेचं वरचं सभागृह) तर या स्थानिक प्रतिनिधींच्याच मतांवर निवडतात, म्हणून 2023 ला तिथं फक्त 3 जागा.

याचा फटका अध्यक्षपदाच्या अर्जातच बसतो. उमेदवाराला 500 लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात, किमान 30 जिल्ह्यांतून, एका जिल्ह्यातून 50 च्या वर चालत नाहीत, आणि सही करणाऱ्यांची नावं जाहीर होतात. छोट्या गावचा महापौर त्या यादीत दिसायला कचरतो. 2022 मध्ये ल पेनला याच सह्यांसाठी धावपळ करावी लागली. पैशाचंही तसंच: फ्रेंच बँका कर्ज देईनात म्हणून 2014 मध्ये पक्षानं एका रशियन बँकेकडून 90 लाख युरोंच्या वर उचलले, ते 2023 मध्ये फेडले.

2027 साठी आधी कोर्टाचं नीट सांगा. युरोपीय संसदेनं सहायकांच्या पगारासाठी दिलेला पैसा पक्षाच्या कामाला वापरला म्हणून 31 मार्च 2025 ला मरीन ल पेनला 4 वर्षांची शिक्षा झाली (त्यातली 2 वर्षं पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून घरी), 1 लाख युरो दंड आणि 5 वर्षं निवडणूक लढवायला बंदी. बंदी अपिलाची वाट न पाहता त्याच दिवसापासून लागू केली. तिनं अपील केलं, आणि ती नसेल तर बार्देला, हे पक्षानं ठरवून ठेवलं. अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत तिसरा नसतोच, दोघंच. तिथं कोणाला 'बसवायची' सोय नाही. म्हणून पहिल्या फेरीनंतर डावे आणि जुने उजवे यांचे नेते काय आवाहन करतात ते लिहून ठेवा, आणि निकालाच्या रात्री सरांनी सांगितलेली वजाबाकी करा. 51 लाखांच्या वर वाढ दिसली तर कोऱ्या मतांचा रकानाही लगेच उघडा. ती मतं घटली की वाढली, त्यावरून कळेल की माणसं घरी बसली की पलीकडं गेली.