स्प्लीनच्या स्लाइडमध्ये व्हाइट पल्प निळा का दिसतो?

पहिलंवर्ष_हिस्टो
गुरुवारी हिस्टॉलॉजीचे स्पॉटर (स्लाइड बघून अवयव ओळखायची परीक्षा) आहेत आणि मला स्प्लीन, म्हणजे पाणथरी, आणि लिम्फ नोड (लसिका गाठ) अजून सारखेच दिसतात. पुस्तकात व्हाइट पल्प म्हटलंय, पण स्लाइडवर पांढरं काहीच नाही, निळे-जांभळे गोळे आहेत. सेंट्रल आर्टेरिओल (बारीक धमनी) म्हणे मध्यभागी असते, मला ती प्रत्येक गोळ्यात एका कडेला दिसते. शिवाय सगळीकडे तपकिरी-काळे बारीक दाणे. मी काय चुकतेय?

दुसरंवर्ष
आधी कॉर्टेक्स-मेड्युला शोध, म्हणजे लिम्फ नोडमधले बाहेरचा आणि आतला असे दोन भाग. स्प्लीनमध्ये ते नसतं, कॅप्सूलच्या (वरच्या आवरणाच्या) खाली सबकॅप्सुलर सायनस ही लिम्फची पोकळीही नसते. गोळ्यात धमनी दिसली की स्प्लीन लिहून पुढच्या स्पॉटरकडे जा.

निवृत्त_टेक्निशियन
बेटा, तुझं काहीच चुकत नाहीये. तू नीट बघते आहेस.

विदर्भातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २९ वर्षं ब्लॉक कापले. पाणथरी ताजी कापली की गडद लाल पृष्ठभागावर ज्वारीच्या कण्यांसारखे राखट-पांढरे ठिपके दिसतात. इटालियन शास्त्रज्ञ माल्पिगींनी १६६६ साली वर्णन केले ते हेच. 'व्हाइट' हे नाव नुसत्या डोळ्यांना दिसलेल्या रंगाचं आहे. स्लाइडवर हिमॅटॉक्सिलिन हा निळा रंग चढतो केंद्रकांना, आणि लिम्फोसाइट (गोळ्यातल्या पांढऱ्या पेशी) म्हणजे जवळजवळ सगळं केंद्रकच. म्हणून गोळा निळा.

धमनीचं असं, की ट्रॅबेक्युलातून (कॅप्सूलपासून आत गेलेल्या तंतूंच्या पट्टीतून) बाहेर पडल्यावर तिच्याभोवती टी-लिम्फोसाइटची बाही चढते. त्या बाहीच्या एका अंगाला बी-लिम्फोसाइटचा फॉलिकल (गोल पुंजका) फुगतो आणि धमनी कडेला राहते. नाव सेंट्रल, जागा कडेची. परीक्षकांना हे सांगितलंस तर त्यांना बरं वाटेल.

पण मुलं निळे गोळे बघून स्लाइड खाली ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं. पाणथरीचं खरं काम गोळ्यांच्या बाहेर, रेड पल्पमध्ये चालतं. ४० एक्सची लेन्स लाव. तिथे सायनुसॉइड (रुंद, झिरपत्या रक्तनळ्या) आहेत आणि त्यांच्यामधल्या जागेत मॅक्रोफेजने (पेशी खाणाऱ्या पेशींनी) भरलेले बिलरॉथ कॉर्ड, म्हणजे पेशींचे पट्टे. सायनुसॉइडची भिंत मला नेहमी आमच्या गावच्या कुडासारखी वाटते: लांबट पेशी उभ्या काड्यांसारख्या शेजारी शेजारी, आणि बाहेरून तुटक बेसमेंट मेम्ब्रेनच्या (पेशींखालच्या आधाराच्या पडद्याच्या) आडव्या कामट्या. हा कूड गुंडाळून नळी केली की झाला सायनुसॉइड. आडवा छेद गेला असेल तर पेशींची केंद्रकं आत डोकावतात, मण्यांच्या कड्यासारखी. रक्तातला काही भाग थेट कॉर्डमध्ये सांडतो आणि तिथल्या तांबड्या पेशींना काड्यांमधल्या फटीतूनच परत रक्तात जावं लागतं. पेशी सात-साडेसात मायक्रॉनची, फट एक मायक्रॉनच्या आसपास. लवचीक पेशी दबून निघून जाते. १२० दिवसांची, कडक झालेली पेशी अडकते आणि मॅक्रोफेज तिला खातो. तांबड्या पेशीच्या पोटात केंद्रकाचा उरलेला तुकडा असेल तर तेवढाच काढून घेतला जातो आणि पेशी पुढे जाते. म्हणून पाणथरी काढलेल्या माणसाच्या स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्तात) असे तुकडे, म्हणजे हॉवेल-जॉली बॉडी, दिसतात.

तुझे काळपट दाणे बहुतेक फॉर्मॅलिन पिगमेंट. फॉर्मॅलिन आम्लधर्मी झालं की रक्ताळ ऊतीत ते बसतं. अवयव जाड कापून बरणीत टाकला तर आत पाणथरी लवकर सडतेही. आम्ही पातळ काप करून बफर्ड फॉर्मॅलिनमध्येच ठेवायचो. लोह आहे की फॉर्मॅलिन पिगमेंट अशी शंका आली तर पर्ल्स स्टेन (लोह दाखवणारा रंग) कर, लोह निळं होईल.

पहिलंवर्ष_हिस्टो
मॅडम, मण्यांचं कडं दिसलं! पण सिकलसेलमध्ये (तांबड्या पेशी वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजारात) पाणथरी आक्रसून नाहीशी होते असं वाचलं होतं. तुम्ही विदर्भात होतात म्हणून विचारते.

निवृत्त_टेक्निशियन
वाकडी, ताठर पेशी त्या फटीतून जाईल कशी? कॉर्ड पेशींनी तुंबतात, रक्तपुरवठा अडतो, भाग मरतो. पुढे तंतू, लोह आणि कॅल्शियम साचून गॅम्ना-गँडी गाठी होतात. पुस्तकातलं आक्रसणं खरं आहे, पण आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं आणि पाणथरी मोठेपणीही वाढलेली राहते. शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे यायच्या त्या जड, ताणलेल्या कॅप्सूलच्या. अशाच एका पाणथरीच्या स्लाइडवर मी कॉर्ड पहिल्यांदा नीट ओळखले, कारण ते पेशींनी ठासून भरले होते आणि सायनुसॉइड जवळजवळ रिकामे.

तुमच्या विभागात रेटिक्युलिनच्या (बारीक आधारतंतूंच्या) चांदीच्या स्टेनची स्लाइड असेल तर गुरुवारच्या आत मागून घे. कुडाच्या कामट्या तिच्यात काळ्या दिसतात.