नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्र शिकलात? तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठ
काल माळा आवरताना एम.ए. शिक्षणशास्त्राच्या स्वाध्यायांची फाइल सापडली. कोपऱ्यावर चहाचा डाग. तो पेठच्या एसटीतला, सावळघाटाच्या वळणावर थर्मास कलंडला होता. फाइल घेऊन शिडीवरच बसून राहिले.

तेव्हा मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत होते. डी.एड. होऊन ११ वर्षं झालेली. दुसरीतला एक मुलगा 'एकशे तीन' सांगितलं की १००३ लिहायचा. मी फुली मारायचे, दहा वेळा लिहून आण म्हणायचे. त्याच आठवड्यात रात्री अध्ययनाच्या मानसशास्त्राचं पुस्तक वाचत होते. मुलाच्या चुकीमागेही त्याचा एक नियम असतो, आधी तो शोधा, असं त्यात होतं. तशीच उठले, तपासायला आणलेली त्याची वही काढली. एकशे पाच, १००५. एकशे बारा, १००१२. दोनशे चार, २००४. स्वतःच्या नियमात तो एकदाही चुकला नव्हता! ऐकू येतं तसं लिहीत होता, आधी शंभर, मग तीन. दुसऱ्या दिवशी काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलो. एक शंभराचा, दहाचा एकही नाही, सुट्या तीन. दहाच्या घरात काही नाही म्हणून तिथे शून्य. चार दिवस लागले.

त्याआधीच्या ११ वर्षांत अशा किती वह्यांवर फुल्या मारल्या असतील, ते मनातून जात नाही.

तुम्ही कुणी नोकरी करत बी.एड., एम.एड., एम.ए. केलंय का? लिहा ना.

सिन्नरकर
ताई, माझा लघुप्रबंध याच्याच शेजारचा. पंचेचाळीस म्हणताना पाच आधी, लिहिताना चार आधी. पोरं ५४ लिहितात आणि आपण त्यांना वेंधळी म्हणतो. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस पाच' अशी रीत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतंय? जुनी रीतही पुस्तकात होतीच, पण पुस्तक उघडून बघणारे थोडे. मी तेव्हाही त्या बदलाच्या बाजूने होतो, आजही आहे. जोडाक्षरांनी भरलेली शंभर नावं पाठ करताना मूल दमतं. मोठ्यांना ते दिसत नाही, कारण आपण कधीचे पार झालो.

शेवंती
वाचतेय. कुकर लावलाय, रात्री लिहिते.

कानस
मी आयटीआयत शिल्पनिदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा, फिटर ट्रेड. शिक्षणशास्त्र आपल्या कामाचं नाही असं वाटायचं, बढतीसाठी प्रवेश घेतला. ब्लूमची वर्गवारी आली, १९५६ ची, शिकण्याच्या पायऱ्या लावणारी. ज्ञान, आकलन, उपयोजन... माझी तोंडी परीक्षा पहिल्याच पायरीवर अडकलेली, 'व्हर्नियरचे भाग सांगा'. मग पद्धत बदलली. चार जॉब, म्हणजे घडवलेले भाग, टेबलावर ठेवायचे, एकाचं माप मुद्दाम चुकीचं. कोणता परत पाठवाल आणि का? जी पोरं वर्षभर मान खाली घालून बसायची, ती भांडायला लागली, 'सर, हा पास होणारच नाही.'

पण ब्लूमच्या त्या पुस्तकात हात नाहीत, सगळं डोक्याचंच. ते खटकत होतं. पुढे आपल्याच देशातल्या आर. एच. दवे यांची १९७० ची मांडणी वाचायला मिळाली. अनुकरणापासून सुरुवात, आणि शेवटी हात आपोआप चालतो तिथपर्यंत पायऱ्या. वाचताना कानस धरलेला माझा पहिला दिवस डोळ्यांपुढे आला. आमच्या वडिलांनी हेच शिकवलं होतं, नाव माहीत नसताना.

पंचवटीची मावशी
कानसभाऊ, शेवटची ओळ 👌

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. बी.एड. करताना पियाजे वाचत होते, मुलांचा विचार वयाबरोबर कसा बदलतो ते मांडणारा. लेक पाच वर्षांची. सासूबाई म्हणाल्या, घोकतेस कशाला, करून बघ की. त्यांनीच दोन सारख्या पेल्यांत ताक ओतलं, मग एकातलं उंच पेल्यात. लेक म्हणाली, उंचात जास्त आहे. परत जुन्या पेल्यात ओतून दाखवलं, तरी उंचातलंच जास्त! सासूबाई चौथी शिकलेल्या. दोन वर्षांनी त्यांनी आठवणीने पुन्हा विचारलं, तर लेक म्हणाली, आजी, तेवढंच आहे, ओतलं म्हणून काय झालं. त्या दिवशी मला फोन करून सांगितलं त्यांनी, ड्युटीवर होते.

त्र्यंबकरोड
माझं वेगळंच. संख्याशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री वडील आयसीयूत. बाहेरच्या बाकावर प्रमाण विचलनाची गणितं सोडवली, दुसरं काही सुचत नव्हतं. पेपर दिला. वडील आठव्या दिवशी गेले. पास झाले पण ती गुणपत्रिका अजून कुणाला दाखवली नाही.

पंचवटीची मावशी
अगं. काय लिहू.

गोदाकाठ
इथे दाखवलीस असं समज बाई.

सिन्नरकर
🙏

द्राक्षबाग
मुख्याध्यापक रविवारच्या संपर्क सत्रांनाही जाऊ देत नसत. नेमकी त्याच दिवशी शाळेत कामं काढायचे. त्यात जानेवारी ते मार्च घरी द्राक्षांची काढणी. क्रेट मोजता मोजता वायगॉट्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ वाचला. मुलाला एकट्याला काय जमतं आणि कुणी हात दिला तर काय जमतं, या दोन्हींच्या मधे शिकवायची जागा, एवढं एक वाक्य घेऊन वर्गात गेलो आणि बाकांच्या जोड्या बदलल्या. माणूस ३७ व्या वर्षी गेला, १९३४ ला. मी तेव्हा ४१ चा होतो.

नवीनच
नोकरी करून एम.एड. होतं का?

सिन्नरकर
२०१५ ला ते दोन वर्षांचं केलं, आंतरवासिता म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सरावही आला. रजेचा आधी नीट हिशोब करा. नाहीतर दूरशिक्षणाने एम.ए. शिक्षणशास्त्र बघा.

त्र्यंबकरोड
आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ तर गंगापूर धरणाजवळच आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे वाक्य वाचून मी प्रवेश घेतला होता, खरंच सांगते.

कानस
अभ्यासाला कुठे बसायचा सगळे? मी सार्वजनिक वाचनालयात. १८४० पासूनची संस्था, तिथे बसलं की आळस करायची लाज वाटते.

द्राक्षबाग
मी ट्रॅक्टरवर.

शेवंती
आले. भांडी झाली.

मी बालवाडीत. पदवी होती, बी.एड. चाळिशीत केलं. शिक्षणाच्या इतिहासात महात्मा फुल्यांचं १८८२ चं हंटर आयोगापुढचं, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं निवेदन होतं. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, शिक्षक प्रशिक्षित हवेत, त्यांना पगार नीट हवा. परीक्षेपुरतं वाचायला बसले आणि रडू आलं. माझी आई दुसरीतून काढलेली, धाकट्या भावंडांना सांभाळायला. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'इतक्या आधी सांगितलं होतं कुणीतरी?' मग शेंगा सोलत बसली. बराच वेळ बोलली नाही. आता माझ्याबरोबर सही गिरवते, पाटीवर.

गोदाकाठ
शेवंती, आईंना नमस्कार सांग.

पंचवटीची मावशी
पाटी कुठून आणलीस? आमच्याकडे मिळेना, लेकीच्या मुलाला हवीये.

शेवंती
रविवार कारंज्यावर मिळाली. दगडी हवी म्हणून सांगा, नाहीतर पत्र्याची देतात.

गोदाकाठ
सिन्नरकर, तुमचा लघुप्रबंध वाचायला मिळेल? पंचेचाळीसवाला.

सिन्नरकर
एकच प्रत उरलीय. रविवारी नाशिकला सीबीएस बसस्टँडवर येतोय, झेरॉक्स काढून आणतो. तुमची १००३ ची वही ठेवलीय का?

गोदाकाठ
वही त्याची, त्यालाच दिली. त्यातली दोन पानं उतरवून फाइलला लावलीत. घेऊन येते.